ड्वेनच्या जागेवरचं लपण

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मार्लिसला शिकारीचं लपण विकत घ्यायचं होतं, आणि ते निवडायला तिनं दिराला बरोबर बोलावलं. ऑर्लिन स्वीनला नाही म्हणता आलं नाही. भाऊ गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ती चार बाकं पुढं बसायची, त्यामुळं त्याला तिच्या मानेखेरीज काही दिसायचं नाही. आणि आता एकाएकी तिचा फोन आला.

"यंदा मी बसणार हरणासाठी. ड्वेनच्या जागेवर."

"तुला रायफल तरी धरता येते का, मार्लिस?"

"येते. तुझ्या भावानंच शिकवली. पण लपणातलं मला ओ की ठो कळत नाही. ते तू बघ."

दुकानाच्या मागच्या दालनात सात-आठ लपणं उघडून मांडली होती. छत्रीसारखी मिटणारी, पाठीवर टाकून नेता येणारी ती कापडी खोपटंच असतात. माणूस आत स्टुलावर बसतो आणि बारीक खिडकीतून बाहेर पाहतो. दुकानात शिरल्यावर ऑर्लिनचा जीव जरा भांड्यात पडला, कारण या विषयात त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागत नसे. पहिल्या लपणाचं कापड त्यानं चिमटीत धरून उजेडाकडे फिरवलं.

"चकाकतं. उन्हात दोन शेतांपलीकडून दिसेल."

दुसऱ्याच्या खिडकीची चिकटपट्टी ओढली, तसा खर्रकन आवाज झाला.

"हे ऐकून हरीण थांबेल ते थेट कॅनडात."

तिसऱ्याच्या खिडक्या साध्या आकड्यांवर अडकवलेल्या होत्या आणि आतून ते काळंकुट्ट होतं. त्यात तो स्वतः बसून आला, कोपर फिरवून पाहिलं, डोकं लागत नाही ना ते पाहिलं. "हे घे. आत काळं आहे, तूही काळंच घाल. आणि एक लक्षात ठेव, मागची खिडकी कधी उघडायची नाही. मागून उजेड आला की आपला आकार पुढच्याला दिसतो."

दाढीवाल्या विक्रेत्यानं बिल करता करता एक भडक नारिंगी कापड गल्ल्यावर ठेवलं. "हे विसरू नका. चारी बाजूंनी दिसेल असं वरून बांधा. हरणाला हा रंग कळत नाही, माणसाला कळतो. आमच्या इकडे दोन वर्षांपूर्वी एक जण हे न बांधता बसला आणि जिवानिशी गेला."

त्या बिचाऱ्याला समोर कोण उभं आहे ते ठाऊक नव्हतं. मार्लिसनं कापड उचललं. "विसरला होता तो. नाही का रे, ऑर्ली?"

"विसरला असेल," ऑर्लिन म्हणाला.

"हं. विसरला असेल."

खाई त्याला खवखवे. ड्वेन विसरला नव्हता. ड्वेनची जागा स्वीनांच्या रानाच्या अगदी कडेला होती. पलीकडे सरकारी जंगल, तिथं कोणीही बंदूक घेऊन फिरावं. नारिंगी कापड दिसलं की चांगली जागा इथं आहे हे परक्यांना कळतं आणि पुढच्या वर्षी तिथं गर्दी होते, म्हणून हंगामाच्या आदल्या संध्याकाळी ऑर्लिननं ते गुपचूप सोडून खिशात घातलं. सकाळी सांगू म्हणाला. सकाळी काही सांगितलं नाही, कारण गेल्या साली मोठा नर कोणी पाडला यावरून न्याहारीलाच दोघांची जुंपली होती. ड्वेन तसाच फणकाऱ्यात अंधारात लपणात जाऊन बसला. साडेसातच्या सुमाराला एका परगावच्या माणसानं पळत्या नरावर गोळी झाडली आणि ती लपणात शिरली. त्या संध्याकाळी ऑर्लिननं ते कापड चुलीत घातलं. वनअधिकाऱ्याला म्हणाला, "त्याला असल्या गोष्टींची कधी पर्वाच नव्हती." मेलेल्या माणसाला बोल लावायला काय लागतं? तो थोडाच उलट बोलतो! गोळी झाडणारा दंड भरून, रडून सुटला, आणि मार्लिस दोन वर्षं चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता नवऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल लोकांचे सुस्कारे ऐकत राहिली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी लपण उभं केलं. आतला पाचोळा झाडून माती मोकळी केली, म्हणजे पाय हलला तरी वाजू नये. बाहेरून ओकच्या फांद्या लावल्या. तिनं नारिंगी कापड स्वतः बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आता महिनाभर इकडे फिरकायचं नाही," ऑर्लिन म्हणाला. "हरणांना सवय व्हायला पाहिजे."

"सवय झाली की भीती जाते?"

"जाते."

"बरं आहे त्यांचं."

हंगाम सुरू झाला त्या शनिवारी वीतभर बर्फ होतं. दुपारी मार्लिस लपणात शिरली आणि ऑर्लिन समोरच्या टेकाडावर, दोनशे पावलांवर, झाडाला टेकवलेल्या शिडीच्या बैठकीवर जाऊन बसला. त्याची ती नेहमीची जागा. चारच्या सुमाराला ऊन पिवळं पडलं आणि तीन माद्या बाहेर आल्या. त्यातली एक सरळ लपणाकडे चालत गेली, खिडकीपासून हातभर अंतरावर थांबली आणि कान पुढं करून उभी राहिली. कोणी हळू आवाजात बोलत असलं की जनावर जसं ऐकतं, तशी ती ऐकत होती.

ऑर्लिननं दुर्बीण लावली. मागची खिडकी उघडी होती. त्या उजेडावर मार्लिसचा आकार दिसत होता, आणि तिच्या शेजारी, जमिनीलगत, आणखी एक आकार. कोपरांवर रेललेला. आत तर एकच स्टूल ठेवलं होतं. त्यानं काच पुसून पुन्हा पाहिलं, तेव्हा खिडकीत नुसता काळोख होता.

उजेड संपता संपता तो तिला आणायला गेला. मागची खिडकी आकड्यांवर नीट बंद होती.

"ही का उघडली होतीस?"

"मी नाही उघडली."

"हरीण हातभर अंतरावर होतं... गोळी का नाही घातलीस?"

"बोलणं चालू होतं. मधेच कशी घालणार?"

"कोणाशी बोलत होतीस?"

"मी कशाला बोलू? मी नुसती ऐकते." एवढं बोलून ती थर्मास काखेत मारून चालायला लागली.

पुढचे सगळे दिवस हेच. गुरुवारी सणाच्या जेवणाला तो टर्की तशीच ताटात टाकून उठला. अखेरच्या रविवारी दुपारी मार्लिसचा फोन आला, आवाज बसलेला. "छातीत कफ झालाय. आज तिथं तू बस."

"मी आपला माझ्या जागेवर..."

"दोन वर्षांत तुझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या, ऑर्ली."

तो जाऊन बसला. आतून चेन लावली, पुढची एकच खिडकी उघडली. कापडाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. थोड्या वेळानं दुसरा एक वास आला, ओठाखाली धरायच्या तंबाखूचा, पुदिन्यासारखा. ऑर्लिननं जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती, ड्वेन खायचा. त्यानं श्वास धरून कान दिला. काही नाही. ना खोकला, ना श्वास, ना मातीवर पाय सरकल्याचा आवाज. शेजारी कोणी आहे आणि गप्प आहे, एवढंच अंगाला कळत होतं. तासाभरानं ती शांतता त्याला सोसेना.

"मी काढलं होतं रे... कापड," तो पुटपुटला. "मीच. लोकांना जागा कळू नये म्हणून. आणि नंतर जाळलं... तुझ्यावर ढकललं."

"झालं. बोललो मी," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं, थोडं स्वतःचं कौतुकही वाटलं. चेन उघडून तो वाकून बाहेर आला. समोर मार्लिस उभी होती. नारिंगी कोट, ताठ मान, कफाचा मागमूस नाही.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. कापडाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आदल्या दुपारी बांधून आला तेव्हा गाठ कशी मारली ते मला दाखवत होता तो, टेबलावरच्या रुमालानं. तू कबूल करावंस म्हणून नाही बसवलं तुला."

"मग कशाला?"

"त्याच्यासाठी. नऊ दिवस तो एकच गोष्ट विचारतोय, आणि मला विचारून काय उपयोग? आज तुला त्यानं तीनदा विचारलं. तू आपलं कापडाचं पुराण लावलंस. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काय झालं तुला?"

"मला... मला काही ऐकू आलं नाही, मार्लिस. काय विचारलं?"

"'ऑर्ली, माझी हाक ऐकू आली होती का?'"

त्या रानातली रीत अशी की ज्याचं हरीण पडेल त्यानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं आपली जागा सोडून ते ओढायला जायचं. भाऊ मिसरूड फुटल्यापासून हेच करत आले होते. त्या सकाळी गोळीचा आवाज झाला आणि पाठोपाठ ड्वेनची हाक आली. मग आणखी एक. मग बऱ्याच. ऑर्लिनला त्या स्वच्छ ऐकू आल्या होत्या. यानंच पाडला पुन्हा, तो मनाशी म्हणाला, आता ओढू दे एकट्याला. त्यानं तिकडे न बघता थर्मास उघडून कॉफी प्यायली, सॉसेज खाल्लं. अर्ध्या तासानं खाली उतरला तेव्हा ड्वेन लपणाबाहेर चौदा पावलांवर पालथा पडला होता. मागचं बर्फ खरवडलेलं, तोंड टेकाडाकडे. वारा उलटा होता, काही ऐकू आलं नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. पुढं पुढं तो स्वतःलाही तेच सांगायला लागला होता.

"ऐकली होती," ऑर्लिन म्हणाला. "मला वाटलं... हरीण ओढायला बोलावतोय."

मार्लिसचा चेहरा पडला. तिला दुसरं उत्तर हवं होतं. कापडाचं पाप तिनं मनातल्या मनात केव्हाच पचवलं होतं, पण वारा खरोखरच उलटा असेल या एका आशेवर ती या माणसाच्या गावात राहिली होती. आता तेही गेलं.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "त्याला सांग."

"आहे... अजून?"

तिनं मान कलती करून ऐकलं. "हाका मारतोय."

ऑर्लिननं कानटोपी काढली. ओकच्या झाडावर राहिलेली वाळकी पानं तेवढी वाजत होती. त्या दिवशी ऐकू येत होतं तेव्हा तो हलला नव्हता, आणि आज धावत जायची तयारी होती तर काही ऐकू येत नव्हतं. मार्लिस पाठ फिरवून गेली. आठवड्यानं ती घर बंद करून बहिणीकडे डुलूथला निघून गेली. जाताना ती त्याच्या दारावरून गेली, पण थांबली नाही.

हंगाम संपला तरी लपण त्यानं काढलं नाही. रोज दुपारी जाऊन बसतो, ऐकली होती, ऐकली होती, म्हणून सांगतो. डिसेंबरात ताजं बर्फ पडलं. दुसऱ्या दिवशी त्याला लपणाच्या दारापासून टेकाडाकडे गेलेली एक रुंद खूण दिसली, काहीतरी जड फरफटत नेल्यासारखी. दोन्ही बाजूंना ना पावलं, ना खूर. चौदा पावलांवर ती संपत होती. पुढच्या दिवशी ती एकवीस पावलं होती, त्याच्या पुढच्या दिवशी तीस.

नाताळपर्यंत ती टेकाड ओलांडून गेली. आता ती ऑर्लिनच्या कुंपणाच्या आत आहे, अंगणातल्या लाकडाच्या ढिगापर्यंत आलेली. संध्याकाळ झाली की तो दार सताड उघडं टाकतो, बूट घालून, कोट चढवून उंबऱ्यात उभा राहतो आणि कान देतो. हाक अजून ऐकू आलेली नाही.