मरणाच्या गप्पा आणि जर्दाळूचा केक

जर्दाळूच्या केकचा शेवटचा तुकडा आम्ही दोघांनी एकदमच धरला — मी बशीच्या या बाजूने, शेजारच्या नवख्या माणसाने त्या.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. "माझ्या हृदयाला लोणी चालत नाही."

"मग हात कशाला घातलात?"

"जिभेला चालतं ना!"

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या तळ्याकाठी, एका कॅफेच्या माडीवर आम्ही दर महिन्याला जमतो आणि केक खात मरणाबद्दल मोकळेपणाने बोलतो. नियम एकच — सल्ला द्यायचा नाही, सांत्वनही नाही. कुणी दिलंच, तर सगळ्यांनी कपावर चमचे वाजवायचे.

त्या दिवशी मी लुकबद्दल बोलले. माझा नवरा... तो डोंगरात बर्फाखाली गेला, तेव्हा नोएमी माझ्या पोटात होती. आता ती साधी शिंकली, तरी मी तिचा श्वास ऐकत बसते, हेही सांगून टाकलं.

तो केकवाला नवखा तेवढा कळवळून म्हणाला, "होईल हो सगळं ठीक..."

किण् किण् किण्! बिचारा कानापर्यंत लाल झाला. आणि मला — नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलता बोलता — हसू फुटलं.

त्याचं नाव ब्लेझ. हिवाळाभर तो माझ्याच शेजारी बसला. त्याचं हृदय दोनदा उघडून शिवलेलं. पुढचा भरवसा डॉक्टरही देत नव्हते.

"माझ्यापासून जरा लांब बसत जा," एकदा तो म्हणाला.

"लांबून तुमचे डोळे नीट दिसत नाहीत."

वसंतात त्याने हळूच विचारलं, "नोएमीला... कधी भेटू?" मी खिडकीबाहेर पाहिलं. मला भीती माझी नव्हतीच. पोरीने त्याला जीव लावला, आणि मग...?

हे मी आईजवळ बोलले, तिथेच चुकले. पुढच्याच बैठकीला आई कोटाची बटणंही न काढता थेट माडीवर!

"सेवरीन, मरणाच्या गप्पांत कुणी नवरा शोधतं का गं? धडधाकट माणूस बघ एखादा!"

किण् किण्!

"वाजवा, वाजवा! पोरीला लळा लागला आणि हा गेला, तर?"

"तर ती रडेल, आई. मी जवळ घेईन तिला. पण रडायला लागू नये म्हणून तिला कुणावर माया करू द्यायचीच नाही? लुक धडधाकटच होता ना?"

आईचा आवाज चिरकला. "तुला पुन्हा विधवा व्हायचंय?"

या वेळी एकही चमचा वाजला नाही.

"होईन," मी म्हटलं. "पण आधी बायको होईन."

आई मटकन खुर्चीत बसली. कुणीतरी तिच्यापुढे कॉफी सरकवली.

ब्लेझ माझ्या कानाशी वाकला. "मला न विचारताच?"

"का, तुला नाही म्हणायचंय?"

पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं मी. त्याने माझा हात घट्ट धरला — सगळ्यांदेखत, आईदेखत.

"मला एवढंच विचारायचंय... उद्या भेटायला यायचं, तर नोएमी उठते किती वाजता?"