सोमवारी न उठणारी गाडी

टेबलावर नऊ वस्तू होत्या. एक फॅनबेल्ट, एक रेग्युलेटर, दोन झिजलेले कार्बन ब्रश, स्टार्टरचं एक सोलेनॉइड, बॅटरीची एक केबल आणि बोटाच्या पेराएवढे तीन बल्ब. बल्बच्या काचा आतून काळ्या पडल्या होत्या.

मामांनी त्या दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदाही नऊच भरल्या.

"शिवाय दोन बॅटऱ्या," समोरची बाई म्हणाली. "त्या बदल्यात देऊन नव्या घेतल्या, म्हणून आणता आल्या नाहीत."

बाई घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणारी, इंजेक्शनं देणारी नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मामांना तिच्या हातांकडे बघून वाटलं, ह्या हातांनी सुई टोचली तर कळणारही नाही.

"गाडी किती जुनी?" मामांच्या भाचीने विचारलं. ती खासगी तपासनीस होती. मामा विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिच्या कचेरीत 'जरा बसायला' म्हणून आले होते आणि तिथेच रुजले होते.

"सव्वीस वर्षांची. परदेशी बनावटीची, माझ्या वडिलांची. इतकी वर्षं तिने मला कधी दगा दिला नाही. चार महिन्यांपासून सोमवारी सकाळी उठतच नाही. किल्ली फिरवली की साधा आवाजसुद्धा नाही. मिस्त्रींना बोलवायचं, त्यांनी दुसऱ्या बॅटरीवरून जंप द्यायचा, काहीतरी बदलायचं. पुढचे पाच दिवस ठणठणीत. पुन्हा सोमवार आला की मुडदा."

"दर सोमवारी?"

"मध्ये दोन सोमवार नीट सुरू झाली. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच."

"मग ह्यात तपास कसला?" मामा म्हणाले. "म्हातारी गाडी आहे. म्हातारपणी सांधे धरतात."

"सांधे रोज धरतात, मामा. फक्त सोमवारी नाही," भाची म्हणाली.

सिस्टरने नऊ वस्तूंकडे पाहिलं. "माझा नवरा जहाजावर असतो. घरात सासरे, दीर आणि मी. सासरे म्हणतात, मिस्त्री चोर आहे, मुद्दाम बिघाड ठेवतो. मला कधी वाटतं, दीरच काही करत असतील. त्यांची नवी गाडी रस्त्यावर उभी असते, त्यांना गॅरेज हवंय. पण बोलू कसं? मिस्त्रींना चोर म्हटलं तर चांगला माणूस तुटेल, भावजींना म्हटलं तर घर. शेवटी सासऱ्यांनीच निकाल लावला. उद्या सकाळी भंगारवाला गाडी न्यायला येतोय. माझे अर्धे रुग्ण टेकडीपलीकडे आहेत. तिकडे पहाटे बस जात नाही. गाडी गेली की ते रुग्ण गेले, आणि माझं कामही."

भाचीने तिन्ही बल्ब उचलून उजेडात धरले. "हे पार्ट तुम्ही जपून का ठेवलेत?"

"मिस्त्रींची पद्धत आहे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे कोणी म्हणू नये, बदललाच नाही."

"चोराची पद्धत विचित्रच म्हणायची," भाची म्हणाली आणि उठली. "चला मामा, आधी चोराकडे जाऊ."

मिस्त्री एका गाडीखाली झोपला होता. आधी पाय दिसले, मग पोट, मग वैतागलेला चेहरा.

"सिस्टरची गाडी? ताई, त्या गाडीने माझी अब्रू घेतली. जे संशयास्पद दिसलं ते बदललं. मजुरी तर तिसऱ्या वेळेपासून घेतलीच नाही. तरी त्यांचे सासरे इथे येऊन, चार गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हणून गेले."

"कुठे करंट गळत असेल, हे तपासलं नाहीत?"

मिस्त्रीने हात पुसले. मामांना वाटलं, आता हा पाना फेकून मारणार. "तपासलं नाही? जंप देऊन गाडी इथे आणायची, बंद करायची, बॅटरीच्या तारेत मीटर लावायचा. तीनदा केलं. घड्याळापुरता करंट, बाकी काही नाही. गाडी बंद असताना एक थेंब गळत नाही. आणि भरलेली बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवते, ही सोमवारी बघावं तर कोरडी ठाक. भूत मानत नाही मी, पण आता मानायच्या बेतात आहे."

"हे बल्ब कुठले?"

"पार्किंगचे बारके दिवे. दोन पुढचे, एक मागचा. तिन्ही डावीकडचे. उजवीकडचे मात्र वर्षानुवर्षं तसेच आहेत. डावं चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यातून जातं ना, हादरे बसतात."

"जंप दिल्यावर गाडी कशी वागते?"

मिस्त्री पहिल्यांदा हसला. "बाईसाहेब शुद्धीवर आल्या की आधी मला डोळा मारतात. टिक टिक, टिक टिक. मी म्हणतो, बाई, माझं लग्न झालंय, आणि गप्प करतो."

मामांनाही हसू आलं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "माणूस चोर नाही. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा प्रकार आहे."

"हो. पण मांडी कुणाची, ते अजून कळलं नाही."

सिस्टरच्या घरालगत गॅरेज होतं. आत दिवा नव्हता. त्याची तार उंदरांनी कधीच कुरतडली होती. भाची टॉर्च घेऊन आत शिरली. निळी गाडी डाव्या भिंतीला इतकी चिकटून उभी होती, की त्या फटीतून मामांचं पोट जाणं शक्यच नव्हतं. ते उजव्या बाजूला थांबले. भाची आडवी होऊन फटीत सरकली.

"मामा, तुझ्या बाजूला जमिनीवर काय आहे?"

"धूळ. एक खिळा. एक सुतळीचा तुकडा."

"किडे?"

"एकही नाही."

"इकडे मेलेले पतंग आहेत. एक ढीग पुढच्या चाकापाशी, एक मागे, डिकीजवळ. मध्ये काही नाही. आणि भिंतीवर एक जाडजूड पाल आहे. चांगली पोसलेली दिसते."

"पालीला काय, मिळेल तिथे खाते."

भाची बाहेर आली, गाडीत बसली. किल्ली सिस्टरच्या हातातच होती. मामांना उजव्या काचेतून एवढंच दिसलं, की भाचीने स्टिअरिंगजवळ हात नेला, काहीतरी खटकन वाजलं आणि ती मान वळवून भिंतीकडे बघत बसली.

"मामा, काही दिसलं?"

"काय दिसायचंय?"

"तेच."

पुन्हा खटकन वाजलं. ती उतरली आणि सिस्टरकडे वळली. "तुम्ही फाटकातून आत आल्यावर गाडी भिंतीकडे घेताना सिग्नल देता?"

सिस्टर गोंधळली. "अंगणात? कोणाला द्यायचा, कुंड्यांना?"

तेवढ्यात दीर कामावरून आला. नवी गाडी रस्त्यावर लावून, तिच्यावरची चिमण्यांची विष्ठा पुसत तो दारात उभा राहिला.

"वहिनी, गुप्तहेर आणलात? घरात सगळ्यांचा माझ्यावर संशय आहे, मला माहीत आहे. मला गॅरेज हवंय, हे मी तोंडावर सांगितलंय. त्यासाठी मी चोरून बॅटऱ्या कशाला मारू? मला बॉनेट उघडता येत नाही. माझी स्वतःची गाडी शोरूमवाले उघडतात."

"गॅरेजची किल्ली तुमच्याकडे असते?" मामांनी दरडावून विचारलं. त्यांच्या मते प्रकरण इथेच संपलं होतं.

"दारामागच्या खिळ्यावर. कोणीही घेतं."

"रविवारी गाडी कोण नेतं?" भाचीने विचारलं.

"कोणीच नाही. शटर बंद. शनिवारी दुपारी बाबा बुद्धिबळाच्या क्लबला नेतात. इथे राहायला आल्यापासून त्यांचा नेम आहे. मध्ये गुडघा धरला होता तेव्हा दोन शनिवार मी माझ्या गाडीने सोडलं, तर पूर्ण रस्ताभर मला शिकवलं. मी चाळीस वर्षांचा आहे."

"तुला अजून शिकायची गरज आहे," आतून आवाज आला.

सासरे बाहेर आले. ताठ कणा, इस्त्रीचा शर्ट. हयातभर त्यांनी वाहनपरवान्याची परीक्षा घेतली होती आणि अजून ते समोरच्याकडे उमेदवार म्हणूनच बघत. मामांनी नकळत शर्टाचं बटण लावलं.

"तपास करा, पण उशीर झालाय," ते म्हणाले. "सूनबाईंच्या भावना मला कळतात. पण गाडी म्हणजे पांढरा हत्ती झाली आहे. त्यात मिस्त्री लबाड."

"शनिवारी गाडीने तुम्हाला कधी त्रास दिला?"

"कधीच नाही. वाहन नियमाने चालवलं तर त्रास देत नाही."

"बाबा, एक विनंती होती." भाचीचा आवाज अचानक विद्यार्थिनीसारखा झाला. "गाडी लावावी कशी, हे मला एकदा बघायचंय. तुम्ही शनिवारी लावता, अगदी तशी."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. विनंती रास्त वाटली असावी. त्यांनी किल्ली घेतली, आरसे तपासले, गाडी मागे घेऊन रस्त्यावर नेली आणि वळवून पुन्हा फाटकातून आत आणली. गॅरेजमध्ये शिरताना डावा सिग्नल लागला. गाडी हळूहळू भिंतीकडे सरकली आणि विटेच्या रुंदीएवढी फट ठेवून थांबली. हँडब्रेक. इंजिन बंद. किल्ली बाहेर. टिकटिक थांबली. ते उतरले, दार ढकलून पाहिलं, शटर अर्धं खाली ओढलं.

"शंभरपैकी शंभर," भाची म्हणाली. "अंगणातसुद्धा सिग्नल?"

"नियमाला अंगण नसतं. चाक पूर्ण थांबेपर्यंत इशारा चालू ठेवायचा. ह्या एका चुकीवर मी किती उमेदवार नापास केले, त्याची गणती नाही."

"आणि थांबल्यावर?"

"थांबल्यावर इंजिन बंद केलं की सिग्नल आपोआप बंद होतो. ऐकलंत ना?"

"ऐकलं. आता सगळे आत या. शटर मी पूर्ण ओढते."

पाचही जण गाडीच्या उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे राहिले. शटर जमिनीला टेकलं. अंधार झाला. दीर म्हणाला, "आता भूत कुठून येणार?"

मग हळूहळू मामांच्या डोळ्यांना सवय झाली. गाडीच्या पलीकडे, डाव्या भिंतीवर, पुढे एक पिवळसर डाग होता. मागे एक लाल. आणि पुढच्या डागाच्या कडेला पाल येऊन बसली होती.



"हे दिवे कुणी लावले?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा. पण तुम्हाला ते कळायला मार्ग नव्हता." भाचीने टॉर्च लावला. "ही गाडी अरुंद रस्त्यांच्या देशात बनली. तिथे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून जाताना एकाच बाजूचे पार्किंगचे दिवे चालू ठेवायची सोय लागायची. त्यासाठी वेगळं बटण नाही. किल्ली काढल्यावर सिग्नलची दांडी ज्या बाजूला राहील, त्या बाजूचा पुढचा-मागचा बारका दिवा लागतो. टिकटिक थांबते, म्हणून वाटतं सगळं बंद झालं. तुम्ही परीक्षा घेतल्यात त्या गाड्यांत ही सोय नव्हती."

"पण वळल्यावर दांडी आपोआप जागेवर येते," दीर म्हणाला.

"चाक चांगलं वळून सरळ झालं तर येते. भिंतीकडे सरकताना ते जेमतेम कलतं. दांडी तशीच राहते. सिस्टर अंगणात सिग्नल देतच नाहीत, म्हणून त्यांनी लावलेली गाडी रोज सकाळी उठते. बाबा शनिवारी लावतात. रविवारी शटर उघडतच नाही. ज्या दोन शनिवारी त्यांचा गुडघा धरला, त्यानंतरचे दोन सोमवार गाडी सुरू झाली. दुखणं सुरू झालं चार महिन्यांपूर्वी, आणि बाबांचा शनिवारचा नेम ते इथे राहायला आल्यापासूनचा."

"बाबा आलेच चार महिन्यांपूर्वी," सिस्टर हळूच म्हणाली.

"मला खात्री पटली ती पतंगांमुळे. दिवा नसलेल्या गॅरेजमध्ये पतंग जमून मरतात, तेही फक्त डावीकडे, दोन ठिकाणी. पाल पोसते ती उजेडापाशी. डावेच बल्ब उडतात, कारण तेच दर आठवड्याला दीड दिवस जळतात. खड्ड्यांचा दोष नाही."

"आणि मिस्त्रीचा मीटर?" मामांनी विचारलं. ते अजून दिराला मनातून सोडायला तयार नव्हते.

"मिस्त्रीनेच पुरावा दिला, मामा, आणि तू हसलास. जंप दिल्यावर गाडी डोळा मारते म्हणाला तो. म्हणजे दांडी शनिवारपासून डावीकडेच होती. तो सवयीने ती सरळ करायचा आणि मग गळती मोजायचा. चोराला बाहेर काढून घराची झडती घेतल्यासारखं. दोन दिवे मिळून दहा वॅट, म्हणजे पाऊण अँपिअरच्या थोडं वर. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट छत्तीस तास. तीस अँपिअर-तास गेले. ह्या गाडीची बॅटरी छत्तीसची आहे."

मामांनी दिराकडे पाहिलं. दीर म्हणाला, "माफ केलं."

सासरे गाडीकडे गेले. खिडकीतून हात घालून त्यांनी दांडी सरळ केली. भिंतीवरचे दोन्ही डाग गेले. पाल तशीच वाट बघत राहिली.

"म्हणजे मी नापास," ते म्हणाले.

"नाही बाबा," सिस्टर म्हणाली. "तुमचं गाडी लावणं बरोबरच होतं. गाडीच आपली जुन्या वळणाची."

म्हाताऱ्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "भंगारवाल्याला मी बोलावलंय, मीच नको म्हणून सांगतो. आणि मला मिस्त्रीकडे सोड. चार लोकांसमोर बोललोय, चार लोकांसमोरच जायला हवं." मग दिराकडे वळून म्हणाले, "तुझी गाडी रस्त्यावरच राहील. छत घाल तिला."

"मी काही बोललो?" दीर म्हणाला.

शनिवारी सासरे नेहमीसारखे क्लबला गेले आणि संध्याकाळी त्यांनीच गाडी लावली. रविवारी शटर बंद होतं. सोमवारी पहाटे मिस्त्री मीटर घेऊन आला. कोणी बोलावलं नव्हतं, तरी भाची आणि मामाही आले. सिस्टरची बॅग मागच्या सीटवर होती, टेकडीपलीकडच्या पहिल्या रुग्णाचं औषध तिच्यात होतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बॅटरीला दोन्ही टोकं लावली आणि मीटर सासऱ्यांपुढे धरला. "तुम्हीच वाचा, साहेब."

त्यांनी चष्मा लावला आणि आकडा मोठ्याने वाचला.

"बारा पूर्णांक सहा."