बारावा हात

बाई पाठमोऱ्या बसल्या की आता खैर नाही, हे माझ्याकडं आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यातच कळतं. एकतीस वर्षं झाली, मी लातुरात व्हायोलिन शिकवते. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मिरची-हळदीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथं दुपारी चारला वर्ग भरतो. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसतात. मी त्यांच्याकडं पाठ करून खिडकीकडं तोंड करते आणि सगळ्यांना एकदम वाजवायला लावते. पोरांची तोंडं बघितली की माया येते, मग चुका ऐकूच येत नाहीत. पाठ केली की फक्त हात ऐकू येतो. लुंबिनीचा गज परतताना कचरतो, शारिक तारेवर बोट आपटतो. मी न वळता नाव घेऊन टोकते आणि सहसा चुकत नाही.

तबल्यावर राघवेंद्र असतो. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, एका शाळेत संगीत शिक्षक, आणि मला ऐकवायची एकही संधी न सोडणारा. मी त्याला माणूस म्हणून सोसते, तबलजी म्हणून मानते.

यंदा मार्चमध्ये नांदेडला कार्यक्रम ठरला होता. मराठवाड्यातल्या शिक्षकांनी आपापले विद्यार्थी आणायचे. आमची अकरा पोरं मिळून यमन वाजवणार आणि मग अर्शी एकटी दहा मिनिटं. अर्शी पंधरा वर्षांची. तिची आई गौसिया ब्लाउज शिवते, पोरीला रोज स्कूटीवर आणून सोडते आणि नातेवाइकांनी नाकं मुरडली की त्यांना सरळ दार दाखवते. असा हात माझ्याकडं एकतीस वर्षांत एकदाच आला. मला चाळिशीत एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणारी जी मींड जमली ती या पोरीला सहज जमते. याचा मला हेवा वाटत नाही, नुसता आनंद होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या जगण्याचा अर्धा आनंद तोच होता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी मी नेहमीसारखी पाठ करून बसले होते. डावीकडच्या कोपऱ्यातून निषाद उतरलेला ऐकू आला. "कोपऱ्यातला निषाद वर घ्या," मी म्हणाले. निषाद वर गेला. वर्ग सुटला, पोरं गेली. कुलूप लावताना माझ्या ध्यानात आलं की आज मी टोकताना नाव घेतलं नव्हतं. नाव आलंच नव्हतं तोंडात, कारण तो हात माझ्या ओळखीचा नव्हता. आणि डावीकडच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ असतो. तिथं कुणीच बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हात मोजले. अकरा ऐकू यायला हवेत, बारा आले. वळून बघितलं तर अकरा पोरं आणि माठ. पुन्हा पाठ केली, पुन्हा बारा.

मला भुताखेताचं कुणी सांगायला आलं तर मी त्याला चहा न देता परत पाठवते. मी आधी खोलीवर संशय घेतला. भिंतींना सतरंज्या लावल्या, खिडक्या बंद करून बघितल्या. पण भिंतीवरून परतणारा आवाज दुसऱ्याचंच वाजवलेलं परत आणतो, तो स्वतःच्या चुका करत नाही. हा हात स्वतःच्या चुका करत होता. मग मी कानाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तपासून सांगितलं, की बाई, तुमचे कान तिशीतल्या माणसासारखे आहेत.

"राघवेंद्र, किती व्हायोलिनं वाजून राहिलीत?" मी एकदा वर्ग चालू असतानाच विचारलं.

"अकरा, गोदाताई. बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

माझा तिळपापड झाला.

आणि मग मी ती चूक केली जी फक्त शिकवणारंच माणूस करू शकतं. बेसूर ऐकलं की माझ्यानं गप्प राहवत नाही. ताटात खडा लागल्यावर जीभ जशी तिकडंच जाते तसं होतं माझं. कोपऱ्यातून चुकीचा सूर आला की मी टोकायची. "गज सरळ. घाई नको. पुन्हा." पोरांना वाटायचं, बाई सगळ्यांनाच बोलतायत. सलग आठ दिवस मी टोकत गेले आणि तो हात सुधारत गेला. आमच्या कुठल्याही पोरापेक्षा भराभर. मला भीती वाटायच्या आधी, लाज वाटते सांगायला, कौतुक वाटलं होतं.

नवव्या दिवशी कोपऱ्यातून अर्शीची मींड ऐकू आली. हुबेहूब तिची. मी चमकून वळले. अर्शी समोर बसून वाजवत होती, पण तिच्या व्हायोलिनमधून येणारा आवाज लांबच्या घरातल्या रेडिओइतका बारीक होता.

हे मात्र राघवेंद्रलाही जाणवलं. त्यानं तारा बदलल्या, गजाला राळ चोळली, शेवटी लुंबिनीचं व्हायोलिन तिच्या हातात दिलं. लुंबिनी वाजवायची तेव्हा खणखणीत वाजायचं, अर्शीनं घेतलं की आवाज बसायचा. रोज थोडा जास्तच. चार दिवसांत असं झालं की तिचा गज तारेवरून फिरायचा आणि कापडावरून हात फिरवल्यासारखी नुसती खरखर यायची.

मी अर्शीला आणि गौसियाला घेऊन पाशामियाँकडं गेले. पाशामियाँ पेट्या आणि व्हायोलिनं दुरुस्त करतात, सत्तरी उलटली आहे, उभ्या लातुरातली वाद्यं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. त्यांनी व्हायोलिन उलटसुलट करून बघितलं, दोन सूर छेडले. भरदार वाजलं. मग अर्शीला दिलं. तिनं गज ओढला. काही नाही.

पाशामियाँनी चष्मा काढला. पोरीकडं न बघता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, तुम्ही न बघता कुणाला टोकलं का?"

मी मान हलवून हो म्हणाले.

"एकदा टोकलं की तो शागीर्द झाला," ते हळूच म्हणाले. "शागीर्दाला कसं हाकलणार? हे व्हायोलिन घेऊन जा. इथं नका ठेवू."

एवढं बोलून त्यांनी आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. बाहेर रस्त्यावर गौसियानं माझा हात धरला. "बाई, पोरगी दोन दिवस झाले जेवून नाही राहिली. नुसती रडते. हिचं काय चुकलं ते तरी सांगा."

"हिचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले. तेवढं एकच खरं मला माहीत होतं.

त्या दिवसापासून मी टोकणं बंद केलं. टोकलं नाही तर कंटाळून जाईल, असा माझा हिशोब. शारिक बेसूर झाला, मी गप्प. अकराच्या अकरा पोरं ढेपाळली, राघवेंद्र चिडून तबला झाकून निघून गेला, तरी मी ओठ घट्ट मिटून बसले. कोपऱ्यातला हात आता मुद्दाम चुकत होता. उतरलेला निषाद, पुन्हा उतरलेला निषाद, दर वेळी थोडा मोठ्यानं. आणि निषाद लावून झाला की तो थांबायचा. माझ्या बोलण्याची वाट बघायचा. माझ्या पाठीला ते थांबणं कळायचं. अर्शीचा आवाज मात्र परत आला नाही. उरलेली खरखरसुद्धा गेली.

तिला नांदेडला नेऊ नका, असं राघवेंद्र म्हणाला. तीच ऐकेना. "बाई, स्टेजवर वाजंल," असं दहादा म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही.

दोन क्रूझर गाड्या करून आम्ही निघालो. अहमदपूरला चहा, लोह्याला एका पोराची उलटी, मग नांदेडचं ऊन. दुपारी तीनला कार्यक्रम सुरू झाला. आमचा यमन ठीक झाला. अकरा पोरांत दहांचाच आवाज होता हे फक्त आम्हालाच माहीत होतं.

मग अर्शी एकटी बसली. दुसऱ्या रांगेत गौसिया ओढणी तोंडात धरून बसली होती. मी पडद्याआड विंगेत एका खुर्चीवर होते. अर्शीनं डोळे मिटून गज तारेवर ठेवला आणि ओढला.

काही नाही.

तिनं पुन्हा ओढला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. माइकवाला धावत जाऊन वायर हलवून आला. राघवेंद्र तबल्यावर हात ठेवून पोरीकडं बघत राहिला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, तरी गज फिरतच होता.

आणि मला यमन ऐकू आला.

माझ्या मागून. विंगेच्या अंधाऱ्या भागातून, हातभर अंतरावरून. अर्शीचाच हात, तिचीच मींड. वर चढत निषादापाशी आली, निषाद उतरलेला लावला आणि थांबली.

मी आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते. मानेवर गार वारा लागत होता आणि तिथं पंखा नव्हता.

पुन्हा तोच निषाद. पुन्हा थांबणं.

मी वळले नाही. वळले असते तर काय दिसलं असतं हे मला आजही नको आहे.

"तिचा हात सोड," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी शिकवते तुला. एकट्याला. रोज चारला. हवा तर माझा हात घे."

मागून पुन्हा उतरलेला निषाद आला.

मग मी म्हणाले, "निषाद वर."

निषाद वर गेला. त्याच क्षणी स्टेजवर अर्शीचा षड्ज लागला. इतका भरून, की पुढच्या रांगेतली माणसं दचकली. ती दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटं वाजवत राहिली. लोक उभे राहिले. गौसिया ओक्साबोक्शी रडत होती आणि मी खुर्ची धरून बसले होते.

लातूरला आल्यावर मी वर्ग बंद केला. दमले म्हणून सांगितलं. पोरं राघवेंद्रनं त्याच्या घरी नेली. अर्शी घरीच रियाज करते आणि आठवड्यातून एकदा मला फोनवर ऐकवते. मी तिला इकडं येऊ दिलं नाही.

मी रोज चारला त्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची आणि पाठ करून बसायची. तो वाजवायचा, मी टोकायची. अलंकार झाले, तानांच्या वाटा झाल्या, माझ्या गुरूंनी मला दिलं आणि मी कुणालाच दिलं नव्हतं तेही झालं. भीती गेली नाही. रोज जिन्यावर मी मधेच थांबायची. पण अर्शी वाजवून राहिली आहे ना, मग झालं, असं म्हणत मी चढायची.

एप्रिलमध्ये एकदा मी माझं स्वतःचं व्हायोलिन काढलं. गज ओढला आणि आवाज आला नाही. मी ते परत पेटीत ठेवलं. रडू आलं, पण नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं तारा दाबून माझ्या डाव्या हाताची बोटं इतकी निबर झाली होती की चहाचं पातेलं मी फडक्याशिवाय उचलायची. मागच्या आठवड्यात तसंच उचललं आणि चार बोटांना फोड आले. बघितलं तर बोटांची टोकं तान्ह्या पोरासारखी मऊ होती.

शुक्रवारी त्यानं यमन वाजवला तेव्हा टोकायला जागाच सापडली नाही. मी अर्धा तास एका चुकीची वाट बघत बसले. चूक आली नाही. माझ्याकडं देण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि ते आम्हा दोघांनाही कळलं.

आज चारला मी पाठ करून बसले. कोपऱ्यातून काही आलं नाही. सव्वाचार झाले. खालच्या दुकानात मिरच्या ओतत होते, माझा घसा खवखवला. खोली रिकामी आहे हे माझ्या पाठीला आपसूक कळलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी वळून बघितलं. माठ होता, सतरंजी होती. सुटले बाई एकदाची, असं मी मोठ्यानं म्हणाले आणि भिंतीला टेकून मनसोक्त रडून घेतलं.

पावणेपाचला गौसियाचा फोन आला.

"बाई, जरा त्रास देते. अर्शीची तार उतरली का काय की. चारपासून बसली आहे, गज फिरून राहिला पण आवाजच येईना. रडायला लागली आहे. मी फोन तिच्याजवळ धरते, तुम्ही ऐका बरं."

फोनमधून यमन आला. स्वच्छ, संथ. अर्शीचा नव्हे. गज परतवायची ती पद्धत, मींडेच्या शेवटी श्वास घेतल्यासारखा तो थांबा, सगळं तिशीत मी वाजवायची तसं, माझ्याच हाताचं. निषाद जिथं हवा तिथंच लागला होता.

"बघा," गौसिया म्हणाली, "काहीच येत नाही ना?"