पाणथळीवरची हजेरी

खरं सांगते, त्या रविवारी आम्ही नुसते पक्षी बघायला गेलो होतो. मांजर्लीच्या मागं थोडी पाणथळ उरली आहे, ती लोकांना दाखवायला नीलिमा मॅडम सकाळची फेरी काढतात. माझ्या लेकीच्या, जिज्ञासाच्या शाळेतून चिठ्ठी आली होती.

निघताना सासूबाई दारात आडव्या आल्या. "पान्याजवल पोरीचा नाव नको घेव गो. आसरा आयकतान."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बायका. त्यांचे दगड तिथंच होते, आता भरावाखाली गेले. तो भराव माझ्याच नवऱ्याच्या डंपरनं टाकला. आमची बिल्डिंग त्यावरच उभी आहे.

धुकं होतं. पाणकणसाच्या उंच गवतातून कुजका वास येत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "ती बघा, जांभळी पाणकोंबडी."

जिज्ञासा खुदकन हसली. "मम्मी, पाय बघ! काकूची नेलपॉलिश सांडल्यासारखे."

परत फिरताना कोणी मागं राहू नये म्हणून मॅडमनी यादी काढली. सांगावंसं वाटलं, हिचं नाव नका घेऊ. पण शिकलेल्या लोकांत हसं होईल म्हणून गप्प बसले.

"जिज्ञासा!"

"हजर," माझ्या कुशीतून ती म्हणाली.

"हजर..." पाणकणसातून आलं.

सगळे हसले. एक काका म्हणाले, "इको आहे, इको."

बाकीच्या अठरा नावांना इको नव्हता.

दुपारी तिला ताप भरला. चार दिवस मांडीवरून हलली नाही. नावानं हाक मारली तर डोळेच उघडायची नाही, 'बाळा' म्हटलं की बघायची. सासूबाई रडल्या नाहीत. धर्मेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाल्या, "तू त्यांचा घर बुजवलास."

"मी नसतो तर दुसऱ्याचा डंपर आला असता," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

पाचव्या दिवशी तिला सासूबाईंजवळ ठेवून रजेचा अर्ज द्यायला शाळेत गेले. बाई वर्गाच्या दारातच भेटल्या.

"कसली रजा? रोज तर येते."

"बाई, ती घरी आहे... तापानं पडलीय."

"अहो, मी नाव घेते, ती हजर म्हणते. मागच्या बाकावर बसते. आत्ताही आहे, बघा ना."

मी आत बघितलं नाही. पाठ फिरवली, जिन्याकडे पळत सुटले.

"मम्मी..." वर्गातून हाक आली.

आणि माझ्या तोंडून ओ निघून गेली.