फटफटीची पैज

"अभिमनभाऊ, आमच्या घरच्यायले हवालदारानं धरलं!"

दार ढकलून कुंदाबाई आत आली आणि अभिमनचा दोस्त सुपडू दचकून त्याच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. एरवी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. पण कुंदाबाई म्हणजे तोताराम पाटलाची बायको, आणि त्या सकाळी अख्ख्या जळगावच्या तोंडी तोतारामचंच नाव होतं. आज पैज होती! १९५८ साली गावात फटफट्या होत्या किती, आणि त्यातल्या दोन एकमेकींशी झुंजणार म्हटल्यावर सुपडूला झोप कुठली?

पैज अशी. यावलकडचा केळीवाला तोताराम आपली फटफटी घरीच खोलायचा आणि घरीच जोडायचा. गिरणा मोटार एजन्सीचे मगनशेठ मात्र सुटा भाग कुणाच्या हातात देत नसत. भाग हवा तर गाडी इथं आणून टाका, बसवणार आम्हीच! भर बाजारात दोघांची जुंपली. शेवटी ठरलं, जळगाव ते धुळे. एकीकडे तोतारामची गाडी, दुसरीकडे जिनिंगवाल्या सुकदेवची एजन्सीत निगा राखलेली कोरी गाडी. घरची दुरुस्ती सरस ठरली तर मगनशेठनी सुटे भाग सगळ्यांना खुले विकायचे. एजन्सीची सरस ठरली तर तोतारामनं फटफटी कायमची सोडायची.

"आळ कसला आहे त्याच्यावर?" अभिमन कोल्हेनं विचारलं. वकिली सोडून चोऱ्यामाऱ्यांचा खासगी तपास करणारा हा सडपातळ माणूस एव्हाना कोट चढवून उभाही राहिला होता.

"रातीतून सुकदेवभाऊच्या गाडीचं तेल कोनी काढून टाकलं. तेलाचं बूच आमच्या थैलीत सापडलं. गाडी जाईन ते जाऊ द्या भाऊ, पन चोर म्हनून नाव लागलं त मानसानं जगावं कसं?"

"चल सुपडू. चहा नंतर."

"सांडलाच आहे," सुपडू पुटपुटला आणि धावत सुटला.

एजन्सीच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कालच दोन्ही गाड्या इथं शेजारी शेजारी लावल्या होत्या, तोतारामच्या गाडीला त्याची हत्यारांची थैलीही तशीच अडकवलेली. आवाराची भिंत कमरेएवढी, कुणीही टांग टाकून आत यावं अशी. रुपचंद हवालदार तोतारामचं मनगट धरून उभा होता. तोतारामचा चेहरा पार उतरला होता.

"शपथेवर सांगतो अभिमनभाऊ, मी हात लावला नाही."

"लावला नाही म्हणे!" मगनशेठ कडाडले. "थैलीत बूच काय उडून आलं? काल मी स्वतः कोठारातून नव्या तेलाचा डबा काढून लोटन मिस्तरीच्या हातात दिला. कोठाराची किल्ली माझ्या जानव्याला असते. लोटननं जुनं तेल काढलं, नवं भरलं, गाडी आरशासारखी पुसली. हा बाबा घाबरला आणि रात्री हात मारून गेला!"

इंजिनाच्या तळाला पान्यानं आवळायचं ते षटकोनी लोखंडी बूच अभिमननं मागून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. बुचाच्या आत बोट फिरवलं, ते काजळीसारखं काळं झालं. मग तो गाडीखाली वाकला. जमिनीवर तळहाताएवढा डाग होता.

"सुपडू, या इंजिनात तेल किती मावतं?"

"चांगलं तांब्याभर तरी. काय रे?"

"काही नाही. तोताराम, तुझा पाना दाखव."

तोतारामनं थैलीतून एक जुनापुराणा सरकपाना काढला. त्याचा जबडा इतका झिजलेला, की मगनशेठना अशा वेळीही हसू आवरेना.

"बघा हो, हे याचं हत्यार! याच्या गाडीचा एक नट धड नाही. सगळ्यांचे कोपरे खाल्लेत."

सुपडूनं पाहिलं. खरंच होतं की! तोतारामच्या गाडीचे नट चघळलेल्या सुपारीसारखे दिसत होते. सुपडूला मनातून फार वाईट वाटलं.

सुकदेव डोक्याला हात लावून पायरीवर बसला होता. अभिमननं त्याला विचारलं, "हे बूच गाडीला कुठं लागतं, दाखवता का?"

सुकदेवनं आत्मविश्वासानं पेट्रोलच्या टाकीखाली बोट ठेवलं. गर्दीत खसखस पिकली. "अहो, मी फक्त चालवतो," तो ओशाळून म्हणाला. "बाकी सगळं एजन्सी बघते. काल मी इथंच होतो. संध्याकाळी पैजेचे पंच जीवरामनाना सगळ्यांदेखत म्हणाले, सकाळी दोन्ही गाड्यांचं तेल तपासल्याशिवाय सोडणार नाही. मला बरंच वाटलं."

भुसावळला जन्मभर रेल्वेची इंजिनं हाकलेले जीवरामनाना शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

"पान्यांची खोली रात्री उघडी असते का?" अभिमननं विचारलं. लोटन मिस्तरी हात पुसत पुढं आला. "पान्यांची खोली?" तो म्हणाला. "रोज कुलूप लावतो साहेब. एकच किल्ली, ही बघा, करदोट्याला. काल लावलं ते आज सकाळीच उघडलं."

अभिमन खोलीत डोकावला, कोपऱ्यातला काळ्या तेलाचा डबा पाहून आला आणि तडक फाटकाबाहेर गेला. तिथं वना गाडीवान बैलगाडीचं चाक उतरवून आखाला काळंकुट्ट तेल चोपडत होता.

"कुठून आणलंस रे?"

"लोटनभाऊ ईकस ना आम्हले. इंजिनमातलं जयेल तेल," वना म्हणाला. "काल सांजले उनू ते म्हने डबा खाली शे. आज सकायमा देखं ते बठ्ठा डबा भरेल!"

"म्हणजे जळक्या तेलाचा डबा संध्याकाळी रिकामा, सकाळी भरलेला!" अभिमन वळला. त्याचे डोळे चमकत होते. सापडला! पण कोण? सुपडूच्या डोक्यात अजून अंधारच होता.

"हवालदार, तोतारामचा हात सोडा," अभिमन आवारात येऊन म्हणाला. "आणि लोटनचा धरा."

एकच गलका झाला.

"ऐका. या बुचाचे कोपरे कोरे आहेत. तोतारामच्या पान्यानं ते उघडलं असतं तर त्याच्या बाकीच्या नटांसारखी त्याचीही दशा झाली असती. म्हणजे बूच नेमक्या मापाच्या पान्यानं उघडलंय. तसे पाने कुलपातल्या खोलीत, आणि किल्ली एकच."

"माझ्या माणसावर आळ घेता?" मगनशेठ गरजले.

"पुढं ऐका, शेठ. काल नवं तेल भरलं असतं तर बुचात मधासारखं स्वच्छ तेल लागलं असतं. इथं काजळी आहे. जुनं तेल काल काढलंच नव्हतं! म्हणूनच वनाला संध्याकाळी डबा रिकामा मिळाला. ते निघालं रात्री. आणि तांब्याभर तेल निघालं तर जमिनीवर डाग तळहाताएवढाच का? खोडी काढणारा तेल मातीत वाहू देईल. पण जळकं तेल रोज गाडीवानांना विकणाऱ्याचा हात सवयीनं डबा खाली धरतो. तो भरलेला डबा लोटनच्या कुलपात होता."

"पण रात्रीतून नवं तेलच भरून टाकायचं ना!" सुपडू न राहवून ओरडला.

"शाबास सुपडू! तेच तर. भरणार कुठून? कोठाराची किल्ली शेठपाशी. शेठना काही लपवायचं असतं तर त्यांनी गुपचूप तेल बदललं असतं. लोटननं मात्र कालचा नवा डबा परस्पर विकून टाकला होता. गाडी नुसती पुसली. तेल तपासणार म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. तेलच नाहीसं केलं, म्हणजे पुरावाही गेला आणि आळ तोतारामवर!"

लोटननं मान खाली घातली. "वरून चकाकी दिसली की गिऱ्हाईक खूश असतं. आत कोण बघतं, साहेब?"

मगनशेठ मटकन खुर्चीत बसले. कुंदाबाई भर गर्दीत रडली आणि रडता रडता हसली.

"पैज तुम्ही जिंकली समजा," जीवरामनाना तोतारामला म्हणाले.

"न धावता? छे! धुळ्यापर्यंत ठरलंय, धुळ्यापर्यंत जाऊ."

पण सुकदेवची गाडी तयार करणार कोण? एजन्सीत दुसरा मिस्तरी नव्हता. तोतारामनं बाह्या सारल्या. बूच बसवलं, शेठनी मुकाट्यानं दिलेलं तेल भरलं. तेवढ्यावर थांबेल तर तो तोताराम कसला! चेन ताणली, प्लग घासला, कान लावून इंजिन ऐकलं आणि पुन्हा काहीतरी पिळलं.

"अवं, त्यायच्या गाडीचं कशाला इतकं करता?" कुंदाबाई कळवळली.

"हात लावला की अर्धवट सोडवत नाही."

आणि सुटल्या! धूळ, धूर, शिट्ट्या. सुपडूचा घसा बसला. मग सगळे एजन्सीतल्या टेलिफोनभोवती दाटीवाटीनं बसले. एरंडोल आलं असेल, पारोळा आलं असेल. शेवटी घंटी वाजली. मगनशेठनी झडप घातली.

"सुकदेव? पहिली कोण? तुमची गाडी? अरे वा!" ते खुर्चीवरून उडालेच. "जिंकलो! कोरी गाडी ती कोरी गाडी!"

कुंदाबाईनं पदर तोंडाला लावला. सुपडूला वाटलं, धरणी दुभंगावी.

पण पलीकडून सुकदेव अजून बोलतच होता. मगनशेठचा कान फोनला, तोंड उघडं. त्यांनी फोन जीवरामनानांकडे दिला.

"मोठ्यानं बोल बाबा," नाना म्हणाले, आणि सुकदेवचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"नाना, पैज गाडीची नव्हती, दुरुस्तीची होती. एजन्सीनं माझी गाडी नुसती पुसली होती. तिला निगा मिळाली ती आज, तोतारामच्या हातची. पहिली आलेली त्याची, दुसरी आलेली पण त्याचीच!"

"बरोबर," नानांनी निकाल दिला. "एजन्सी पैजेत उतरलीच नाही. शेठ, सुट्या भागांचं कोठार उघडा."

मगनशेठनी एक लांब उसासा सोडला आणि जानव्याची किल्ली काढली. लोकांनी नुसती झुंबड उडवली. सगळ्यात पुढं कुंदाबाई होती.

"फटफटीची चेन द्या, शेठ. नवी."

"देतो बाई. पण तोताराम धुळ्याहून थकून येणार. बसवणार कोण?"

"मी," कुंदाबाई म्हणाली. "घरी चेन कायम मीच बसवते."