पुलावरची सोबत

"मला उतरायचंय... आत्ताच." वाशीचा खाडीपूल दिसताच वैजयंती घाईघाईने बसमधून उतरली. छत्री मात्र आतच राहिली. ती घेऊन एक तरुण मागोमाग उतरला आणि तिच्या डोक्यावर उघडून धरत म्हणाला, "पुलाला घाबरता?"

"हसायचं असेल तर हसून घ्या."

"हसतोय कुठे? आपली बस गेली ना, त्याचं टेन्शन आलंय."

हा जयप्रकाश, तुर्भ्याच्या कारखान्यातला फिटर. वर्षापूर्वी वैजयंती बसलेली बस पुलावर घसरून कठड्याला टेकली, त्या दिवसापासून तिला पूल ओलांडता येईना. चेंबूरची नोकरी सुटली. या भीतीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई सांगत, रोज पुलावर थोडं पुढे जायचं, धडधड ओसरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, पळायचं नाही. सोबत चालेल, पण सोबत्याने हळूहळू मागे राहायचं.

ड्युटी सुटली की जयप्रकाश सोबतीला येऊ लागला. मागे राहणं मात्र त्याला काही जमेना. वारा सुटला, तिने डोळे मिटले, की याचा हात पुढे! आणि तिलाही तो सोडवत नव्हता. हातात हात घालून दोघं पुलाच्या मध्यापर्यंत पोचले, आणि डॉक्टरबाईंना ती बेधडक सांगायची, "एकटीच जाते." अशा पेशंटला कोण बरं करणार?

एका भरून आलेल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "तुझ्याशिवाय मला जमणार नाही... लग्न करूया?"

त्याचा चेहरा उतरला. "तुला मी हवाय, की धरायला कठडा?"

तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"एकटी पलीकडे ये. मग विचार," म्हणून त्याने हात सोडवून घेतला. तो पुन्हा आला नाही. पुढे त्याच्या कारखान्यातून कळलं, त्याला कुवेतची नोकरी लागली होती, शनिवारी तो चेंबूरला बहिणीच्या घरून निघणार होता.

ती एकटीच पुलावर जाऊ लागली. कधी रडून परतली, कधी थरथरत उभी राहिली. शनिवारी ती बसमध्ये बसली. नेमकी मधोमध बस अडकली. धडधड वाढली, पण ती उठली नाही. हळूहळू धडधड ओसरली.

चेंबूरला त्याच्या बहिणीच्या दारात बांधलेली बॅग होती. "कोणाबरोबर आलीस?" जयप्रकाशने विचारलं.

"एकटी. आता तुझ्याशिवाय जमतं मला... तरीही तूच हवायस."

त्याने बॅगेकडे पाहिलं. "दोन वर्षांचा करार केलाय गं... सही करून बसलो."

"थांबेन मी."

परतीच्या बसमध्ये पूल आला आणि गेला. तिला जराही भीती वाटली नाही. रिकामा हात मांडीवर ठेवून ती रडत राहिली. थोडीशी भीती उरली असती, तर त्याला सोबतीला बोलावता तरी आलं असतं.