आमचं माणूस बघतंय

ऋषी, शेकोटीत आजून दोन काटक्या टाक. सांगतो. ऐकीव न्हाई हे, राजुरीच्या बहिरूनं माझ्यापाशी बसून सांगितलेलं हाय.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. दिवेलागणीला बहिरू मोटारसायकल काढून दवाखान्यात निघाला. दवाखान्याचं नाव नाय घेत. काम साधंच, बायकोचा पट्टा परत द्यायचा व्हता.

त्याच्या चिमाबाईला हृदयाचा तरास. दवाखान्यानं मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधून दिला व्हता. म्हणाले, ''मावशी, रात्रंदिवस आमचं माणूस बघत असतं. दुखलं तर बटण दाबा.''

एका रात्री तिच्या छातीत कळ आली. बटण दाबलं. पट्ट्यातून गोड आवाज आला, ''घाबरू नका. तुमचे ठोके व्यवस्थित आहेत. आम्ही सोबत आहोत.''

चिमाबाई म्हणाली, ''त्यास्नी काय बी म्हणू द्या. मला न्या.''

''अगं, त्यांचं माणूस बघतंय की,'' बहिरू म्हणाला. ''सकाळी जाऊ.''

सकाळी ती नव्हती.

तर दवाखान्यात काउंटरला उज्ज्वला म्हणून पोरगी व्हती. बहिरूनं पट्टा तिच्या हातात दिला. म्हणाला, ''त्या रात्री जे माणूस बघत व्हतं, त्याला भेटायचंय मला.''

पोरीनं मान खाली घातली. ''काका, माणूस नसतं. मशीनच बोलतं.''

बहिरू म्हणाला, ''ते मशीन हाय ती खोली दाव.''

तिनं कुलूप काढलं. आत टेबल, कॉम्प्युटर आन् एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर धूळ.

स्क्रीनवर चिमाबाईचं नाव. ठोके चालू.

पट्टा उज्ज्वलाच्या हातात. बंद.

तिनं कॉम्प्युटरची भिंतीतली वायर उपटली. ठोके चालूच.

मग स्पीकरातनं... श्वास. धाप लागल्यावानी.

''चिमे?'' बहिरू म्हणाला.

''मी सांगत व्हते की... न्या म्हणून.''

उज्ज्वला पळाली. बहिरू स्क्रीनपाशी सरकला.

''तुमी बी... त्यांचंच ऐकलं.''

स्क्रीन काळी झाली. मग काही न्हाई.

पुढं दवाखान्यानं त्या खोलीतलं समदं सामान काढून टाकलं. नवी खुर्ची ठेवली, वरचं प्लास्टिक बी फाडलं न्हाई, आन् बाहेरनं कुलूप घातलं. सकाळी उज्ज्वलानंच उघडलं.

प्लास्टिक तसंच. पर गादी खोल दबलेली.

तिनं हात लावून बघितला.

कोमट व्हती.